पाण्यात उतरण्याआधीचा तास

इन्सुलिनवर असलेल्या माणसाने स्कूबा डायव्हिंग करावे का, या प्रश्नाला वैद्यकाने वर्षानुवर्षे एका शब्दात उत्तर दिले: नको. त्यामागची भीती खरी होती. साखर उतरली की दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, काही सुचेनासे होते. जमिनीवर माणूस अशा वेळी खाली बसतो, गोड खातो, कुणाला तरी हाक मारतो. पंचवीस-तीस मीटर खोलीवर घाम कळतच नाही, थरथर थंडीची वाटते, गोंधळ नायट्रोजनच्या गुंगीवर ढकलला जातो. आणि शुद्ध हरपली तर तोंडातला रेग्युलेटर सुटून माणूस बुडतो. बोट टोचून पट्टीवर रक्त घेणे तिथे शक्य नाही. हे सगळे मान्य करूनही मला सरसकट बंदी पटत नाही. पाण्याखाली मोजता येत नसेल, तर मोजणीचे सगळे काम पाण्याआधीच्या तासात उरकले पाहिजे, आणि ते उरकता येते.

याला पुरावा आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इन्सुलिन घेणाऱ्या 40 जणांच्या 555 डायव्ह तपासल्या गेल्या. डायव्हनंतर साखर 70 च्या खाली गेली ती 37 वेळा, म्हणजे सुमारे 7 टक्के. मधुमेह नसलेल्यांत 504 पैकी 6 वेळा. धोका जास्त आहे, हे आकडे लपवत नाहीत. पण ही सगळी माणसे निवडक होती, साखर बऱ्यापैकी आटोक्यात असलेली आणि मधुमेहाची गुंतागुंत नसलेली, असा आक्षेप कुणी घेईल. तो बरोबरच आहे, आणि म्हणूनच 2005 मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेले नियम सगळ्यांना दार उघडत नाहीत. इन्सुलिन सुरू होऊन किमान एक वर्ष झालेले हवे. गेल्या वर्षभरात साखर इतकी घसरलेली नसावी की दुसऱ्याला मदतीला यावे लागले. साखर उतरल्याची जाणीवच न होणाऱ्याने उतरूच नये. खोली 30 मीटरपर्यंत, वेळ तासाच्या आत, आणि सोबतचा जोडीदार मधुमेही नसलेला, पण सगळे ठाऊक असलेला.

या नियमांचा गाभा मला तीन मोजण्यांत दिसतो: उतरण्याआधी 60 मिनिटे, 30 मिनिटे आणि अगदी उतरताना. साखर 150 किंवा वर हवी, आणि स्थिर किंवा चढती हवी. समजा एकाचे आकडे 210, 185, 160 आले आणि दुसऱ्याचे 152, 155, 158. शेवटचा आकडा पहिल्याचा मोठा आहे, तरी थांबायचे पहिल्यानेच. कारण दर अर्ध्या तासाला 25 ने उतरणारी साखर पाण्यातल्या श्रमाने आणखी घसरेल. त्याने काही खावे आणि मोजणी नव्याने सुरू करावी. 300 च्या वर गेलेल्यानेही थांबावे. साखर मुद्दाम चढी ठेवणे अपायकारक नाही का, असे विचारले जाते. रोज तसे ठेवले तर आहेच. इथे प्रश्न तासा-दोन तासांचा आहे, आणि तेवढ्या वेळात खरा घात साखर उतरण्यानेच होतो.

दंडावर सेन्सर असताना बोट कशाला टोचायचे, असेही म्हणतात. सेन्सर चढ-उतार छान दाखवतो, पण तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, आणि ती रक्ताच्या काही मिनिटे मागे असते. ब्लूटूथचा संदेश पाण्यातून फोनपर्यंत पोचत नाही, आणि ही उपकरणे डायव्हच्या खोलीसाठी बनवलेलीही नाहीत. कल त्यावर बघावा, निर्णय मीटरवर घ्यावा.

बंदीचा सगळ्यात मोठा तोटा मात्र वेगळाच आहे. नकार ठरलेला असला की माणूस प्रकृतीच्या फॉर्मवर मधुमेहापुढे ‘नाही’ लिहितो. मालवण-तारकर्लीला हौसेने पहिल्यांदा उतरणाराही असा फॉर्म भरतो. तिथे खोली कमी आणि प्रशिक्षक शेजारी असतो हे खरे, पण न सांगितलेला आजार प्रशिक्षकाला कळणार कसा? सांगितले तर जॅकेटच्या खिशात ग्लुकोजची जेल राहते, बोटीवर ग्लुकागॉनचे इंजेक्शन राहते, आणि साखर उतरल्याची खूण दोघांनी आधीच ठरवलेली असते. ती खूण दिसताच दोघांनी वर यायचे, जॅकेटमध्ये हवा भरून तरंगायचे, साखर घ्यायची आणि पाण्याबाहेर पडायचे. वर आल्यावर कुणी बरळू लागला, तर ते वर येताना दाब उतरल्याने होणाऱ्या डीकम्प्रेशनच्या आजाराचेही लक्षण असू शकते आणि साखर उतरल्याचेही. म्हणून ऑक्सिजन लावतानाच बोट टोचून बघावे. डायव्ह सुरळीत झाली तरी पुढचे 12 ते 15 तास, रात्री झोपण्याआधीसुद्धा, साखर पुन्हा पुन्हा तपासावी.