‘स्वराज्या’ला कात्री

साल १९३०. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. अशा तापलेल्या वातावरणात त्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा एक मूकपट सेन्सॉरपुढे गेला. विषय शिवाजी महाराजांच्या लढाया, नाव ‘स्वराज्याचं तोरण’.

दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि महाराजांच्या भूमिकेतही तेच! चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या तालमीतला हा गडी १९२३च्या ‘सिंहगड’ मूकपटात शेलारमामा झाला होता.

सेन्सॉरला खटकलं ते नावातलं ‘स्वराज्य’ आणि किल्ल्यावर झेंडा चढवण्याचा प्रसंग. अहो, मूकपट तो, त्यात घोषणा कोण देणार? तरी इंग्रज सरकारला धास्ती! अखेर काटछाट झाली, नाव ‘उदयकाल’ ठेवलं, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. पण पडद्यावर महाराज होतेच, आणि कथा तर प्रेक्षकांना तोंडपाठ. कात्री तिथं काय करणार?

पुढे १९३२ साली शांताराम यांच्याच ‘अयोध्येचा राजा’मधून प्रभातचा पडदा मराठीत बोलू लागला.