उतरायची वाट आधी पाहा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मे महिन्याची सुटी लागली की लेहची विमानं सहकुटुंब भरतात. सकाळी मुंबईत दूध प्यायलेलं तीन वर्षांचं पोर दुपारी ३,५०० मीटर उंचीवर जेवायला बसतं. तिथल्या हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब उतरलेला असतो. त्यामुळे एका श्वासात मुंबईतल्यापेक्षा जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो.

विरळ हवेचा त्रास मोठ्यांना होतो तसाच मुलांनाही होतो. फरक एवढाच की मोठा माणूस ‘डोकं ठणकतंय’ म्हणतो आणि बोलता न येणारं मूल किरकिरतं, खात नाही, ओकतं, खेळणं टाकून देतं, रात्री झोपत नाही. प्रवासाचा शीण, जागा बदलली, दात येताहेत अशी कारणं आईवडिलांना चटकन सुचतात. उंचीवरचे डॉक्टर मात्र उलटं सांगतात: दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हा उंचीचाच त्रास समजा आणि वर जाणं थांबवा. धाप लागली, ओठ निळसर दिसले, तोल जाऊ लागला किंवा मूल सुस्त पडलं, तर लगेच प्राणवायू लावून खाली उतरवायचं.

पण खाली म्हणजे कुठे?

लडाखच्या नकाशाची खरी मेख इथे आहे. पँगाँग सरोवर सुमारे ४,२५० मीटरवर. तिथे रात्री मूल आजारी पडलं, तर लेहला परतायच्या नेहमीच्या रस्त्यावर आधी ५,३०० मीटरपेक्षा उंच चांग ला ही खिंड चढावी लागते. नुब्रा खोरं लेहपेक्षा सखल, झोपायला बरं. पण तिथून परततानाही खारदुंग ला आडवी येते. सिंधूच्या काठाने पश्चिमेला अल्ची, खालत्सेकडे गेलं, तर गोष्ट वेगळी. अल्ची साधारण ३,१०० मीटरवर आहे आणि वाटेत उंच खिंड नाही. जर्दाळूची झाडं, जुना गोम्पा, मुलांना पळायला मोकळी जागा. विमानतळावरून थेट तिकडे जाऊन पहिल्या रात्री तिथेच काढणारी कुटुंबं शहाणपणाचं काम करतात. रस्त्याने यायचं तर श्रीनगरहून कारगिलला, सुमारे २,७०० मीटरवर, मुक्काम करता येतो. मनालीकडून येणाऱ्यांची रात्र बहुधा सरचूला, ४,२०० मीटरच्या वर जाते.

३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त चढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा वैद्यकीय संकेत आहे. दिवसा किती उंच फिरलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो याला त्यात महत्त्व आहे.

थंडीचं गणितही वेगळं. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ऊब लवकर जाते. पाठीवरच्या झोळीत मूल घेऊन चढणारा बाप घामाघूम होतो. झोळीतलं मूल मात्र हलत नसल्यामुळे गारठत असतं. त्याच्या हातापायांची बोटं वरचेवर चाचपावी लागतात. खोलीत बुखारी, म्हणजे शेगडी, पेटली असेल, तर झोपण्यापूर्वी ती विझवावी आणि खिडकीची फट उघडी ठेवावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्यानेही डोकंच दुखतं.

उंचावरच्या विरळ हवेत वाढलेल्या मुलांनाही सूट नाही. सुटीत सखल प्रदेशात राहून घरी परतलेल्या पहाडी मुलांच्या फुफ्फुसात पाणी साचल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. नुकतीच सर्दी झालेल्या मुलांत हा धोका अधिक. जन्मतः हृदयदोष असेल, तर बालहृदयतज्ज्ञाला विचारल्याखेरीज तिकीटच काढू नये.

लडाखच्याच झंस्कार खोऱ्यातले लोक हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून, चादरवरून, मुलांना लेहच्या शाळांत पोचवत आले. बर्फ धरलं नसेल, तर काठच्या गुहेत मुक्काम वाढायचा. पाच दिवसांच्या सहलीत असा एकही मोकळा दिवस नसतो. मूल बरोबर असेल, तर तो दिवस आधी धरावा आणि त्यासाठी पँगाँगचा मुक्काम गाळावा.