अक्षरांची दाटी

दिवेलागणीनंतर पुष्कळ घरीं एक प्रसंग घडत असतो. आठ-नऊ वर्षांचा चुणचुणीत मुलगा पुस्तक घेऊन बसतो, ‘घर’ याच्या जागीं ‘धर’ वाचतो, ओळ चुकतो, आणि वडील माणसें त्याला आळशी ठरवितात. अशा मुलांपैकीं कांहींना डिस्लेक्सिया असतो. तो बुद्धीचा दोष नव्हे, आणि मुख्यतः डोळ्यांचाहि नव्हे. अक्षर व त्याचा ध्वनि यांची सांगड मनांत चटकन बसत नाहीं, हें त्याचें मूळ.

मग छापाचा टाइप बदलल्यानें ही अडचण दूर होईल काय? नेदरलंडमध्यें क्रिश्चन बोअर या स्वतः ही अडचण भोगलेल्या तरुणानें २००८ सालीं ‘डिस्लेक्सी’ नांवाचा टाइप आखला. अक्षरें उलटीं भासूं नयेत म्हणून त्यांचा तळ त्यानें जाड ठेवला. कल्पना मोठी मोहक! परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या डच मुलांवरील प्रयोगांत त्या टाइपानें वाचन जलदहि झालें नाहीं, बिनचूकहि झालें नाहीं.

याउलट इटली व फ्रान्समधील ८ ते १४ वर्षांच्या डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना नेहमींचाच टाइप दिला, मात्र अक्षरांतील अंतर वाढविलें, आणि ओळींतील अंतरहि त्या मानानें वाढविलें. तीं मुलें लगेच अधिक वेगानें आणि कमी चुका करीत वाचूं लागलीं. २०१२ सालच्या या प्रयोगाचा बोध साधा आहे : अक्षराच्या वळणापेक्षां शेजारच्या अक्षरांची दाटी अधिक बाधते.

आपल्या देवनागरींत अक्षरें फार दूर सारलीं तर शिरोरेषा तुटते. म्हणून माझ्या मतें आपण शब्दांमध्यें आणि ओळींमध्यें मोकळीक द्यावी, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडणार नाहीं. टाइप ठसठशीत असावा. संगणकावर तर हें क्षणाचें काम आहे.

एवढ्यानें डिस्लेक्सिया जाईल असें मी म्हणत नाहीं. त्यासाठीं जाणत्या शिक्षकाकडून ध्वनि आणि अक्षर यांचा पद्धतशीर अभ्यासच करवून घ्यावा लागतो. परंतु मूल अडखळलें तर त्याचा कान धरण्यापूर्वीं त्याच्या पुस्तकाचें पान एकदां उजेडांत धरून पाहा. कदाचित् मुलाइतकाच त्या पानाचाहि अपराध असेल.