घरातली साक्ष

ख्रिस्ती धर्माच्या मराठी परिभाषेत ‘सुवार्ता’ आणि ‘साक्ष’ हे दोन शब्द वारंवार भेटतात. सुवार्ता सांगावयाची असते, साक्ष द्यावयाची असते. सांगण्याचे काम व्यासपीठावरून होऊ शकेल. साक्षीदाराला मात्र स्वतः अनुभवलेलेच सांगावे लागते, आणि त्याची उलटतपासणी प्रथम घरचीच माणसे करतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवितो, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच ग्रंथातील डोंगरावरील प्रवचनात तो त्यांना मिठाची आणि दिव्याची उपमा देतो. दोन्ही वस्तू रोजच्या घरातल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात या घरगुती साक्षीची कसोटी पाहावयास मिळते. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना जागा करून दिली. बोलणे निघाले ते काव्याचे. धर्माचा विषय मागाहून आला. शेवटी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवून ती वाचण्याचे वचन घेतले. पुस्तक आरंभी टिळकांना रुचेना. दिलेल्या शब्दाखातर ते वाचीत गेले. डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर मात्र ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डब्यात जागा करून देणे हे धर्मप्रचाराचे साधन म्हणून कोणी अहवालात नोंदवीत नाही!

येथपर्यंत कथा सोपी आहे. पण जी वार्ता टिळकांना आनंदाची, तीच त्यांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, वज्राघातासारखी वाटली. पदरी लहान मुलगा, भोवती नातलगांचा आक्रोश, आणि पती जिवंत असून दुरावलेला. सुवार्तेची किंमत पुष्कळदा ऐकणाऱ्यालाच अधिक मोजावी लागते, हे प्रचाराच्या उत्साहात विसरले जाते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांचे सोवळे, त्यांचा निराळा स्वयंपाक, निराळे पाणी चालूच राहिले. टिळक स्वभावाने तापट, वादात कोणाला हार जाणारे नव्हेत. तरी जे युक्तिवादाने साधले नाही, ते सहवासाने हळूहळू घडत गेले. जातिभेद देवाने निर्माण केले की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा १९०० साली झाला. खरा पालट त्या पाण्यापाशीच झाला होता, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे दुष्काळाने अनाथ केलेली मुले या घरात आली, तेव्हा त्यांचे करणे-सवरणे लक्ष्मीबाईंच्याच वाट्यास आले.

टिळकांनाही आपल्या माणसांशी आपल्याच वाणीने बोलावे, हे उमगत गेले. त्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली, अभंग आणि भजने रचली. मराठी ख्रिस्ती मंडळ्या ती आजही गातात. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. वेतन घेऊन सांगितलेल्या धर्माकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे त्यांना पुरते ठाऊक असले पाहिजे. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंना अक्षरओळख पतीनेच करून दिली होती.

त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत धर्मोपदेश शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. संसारातली भांडणे आहेत, पतीचा विसराळूपणा आहे, स्वतःच्या सोवळ्याची थट्टा आहे. ज्या घरांतून मिशनरी उपदेशकाला ओसरीवरूनच परत धाडले असते, त्या घरांत हे पुस्तक माजघरापर्यंत गेले आणि मोठ्याने वाचले गेले.