जळाऊ लाकडाचें माप



हिंजवडी म्हटलें कीं, आज माहिती-तंत्रज्ञानाच्या उत्तुंग इमारती डोळ्यांपुढें येतात. परंतु मुळशी तालुक्यांतील हें गांव मूळचें शेतकऱ्यांचें. आणि शेतकऱ्यास बांधावरची बाभूळ म्हणजे अडीअडचणीची ठेव. ती मोडावयाची वेळ आली कीं व्यापारी ओंडक्यांवरून नजर फिरवून उक्ता भाव सांगतो, नाहीं तर दोरी लावून माप घेतो. त्या मापांत काय दडलेलें असतें, तें आज पाहूं.

लाकूडबाजारांतील जुनी रीत अशी: ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यावा, त्याच्या चतुर्थांशाचा वर्ग करावा व लांबीनें गुणावें. एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीकारानें १७३६ सालीं या रीतीचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. समजा, ओंडका तीन मीटर लांब असून घेर एक मीटर आहे. या रीतीनें उत्तर येतें सुमारें ०.१९ घनमीटर. वास्तविक लाकूड असतें ०.२४ घनमीटर. एक पंचमांशाहून अधिक लाकूड हिशेबांतून गळालें!

ही लबाडी म्हणावी काय? फळ्या पाडणाऱ्यापुरतें पाहिलें तर नाहीं. गोल ओंडका चौरस करतांना कडेचे तुकडे वायां जातात. ती तूट या रीतींत आधींच धरलेली आहे. चुलींत मात्र फळी आणि कडेचा तुकडा सारखाच जळतो. म्हणून इमारती लाकडाची सूट जळणास लावणें न्यायाचें नव्हे. जळणासाठीं घेराच्या वर्गास लांबीनें व पुन्हां ०.०८ नें गुणावें. वाळलेली बाभूळ घनमीटरास ८०० किलो धरली, तर या एका ओंडक्यांतच चाळीस किलोंचा फरक पडतो.

घेणाऱ्यानेंही सावध असावें. रचलेल्या ढिगाची लांबी, रुंदी व उंची गुणून येणारा आंकडा सगळा लाकडाचा नसतो. त्यांत सुमारें एक तृतीयांश पोकळी असते. वांकड्या फांद्या असल्यास अधिकच. आणि वजनावर ओलें लाकूड घेणारा पाण्याचेही पैसे मोजतो.

उद्यां आपल्या आवारांतील झाड पावसांत उन्मळून पडेल, किंवा ओळखीचा एखादा शेतकरी बाभूळ विकावयास काढील. तेव्हां सौदा ठरण्यापूर्वीं दोरी लावा आणि हा गुणाकार करून द्या. त्याच्या पदरीं पडणारा पंचमांश आपल्या पांच मिनिटांच्या श्रमाचा असेल.