बोनेटवरचे घोडे

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



पोळा होऊन अजून आठवडा झालेला नाही. यंदा आमच्या गल्लीत बैलजोड्यांपेक्षा हार घातलेले ट्रॅक्टर जास्त होते. एका बोनेटवर कुणीतरी झूलच टाकली होती. त्या बोनेटवर ४५ हा आकडा लिहिलेला होता. शेजारचा मुलगा विचारत होता, "म्हणजे ह्याच्यात ४५ घोडे आहेत का?" आजचं व्याख्यान त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

घोडा मोजमापात आणला जेम्स वॅटनं. त्याला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाईक विचारायचं, हे किती घोड्यांचं काम करतं? त्यानं हिशेब बसवला. आपल्या मापात सांगायचं तर ७५ किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर उचललं की एक अश्वशक्ती. दिवसभर नांगर ओढणारी आपली बैलजोडी दोघं मिळून जेमतेम एवढं काम करते. म्हणजे ४५ चा ट्रॅक्टर विकत घेणारा कास्तकार कागदावर ४५ जोड्या दारात बांधतो. त्यासाठी बँकेचं कर्ज काढतो, सात-बारा नाही तर खसरा गहाण ठेवतो. मग हे ४५ कुणी मोजले, कुठे मोजले, हे विचारायचा त्याला हक्क आहे की नाही?

मोजायची युक्ती फार जुनी आहे. १८२१ साली फ्रान्समध्ये द प्रोनी नावाच्या अभियंत्यानं फिरत्या दांड्यावर लाकडाचे ठोकळे आवळले आणि त्यांना लांब दांडी जोडून टोकाला वजनं टांगली. इंजिन ठोकळ्यांना सोबत फिरवू बघतं, वजनं त्याला अडवतात. जेवढ्या वजनानं दांडी आडवी राहिली तेवढा इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क. त्याला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणलं की ताकद निघते. 'ब्रेक हॉर्स पॉवर' हा शब्द या ब्रेकवरूनच आला. गाडीच्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही, बरं का. पुढे १८७७ मध्ये फ्राउडनं ठोकळ्यांऐवजी पाणी वापरलं, आणि आता चुंबकाच्या जोरावर चकती अडवणारी यंत्रं आहेत. पण तत्त्व तेच आहे. इंजिनाला अडवा आणि अडवायला किती जोर लागला ते मोजा.

आम्ही डिप्लोमाला होतो तेव्हा प्रयोगशाळेत पाच अश्वशक्तीचं, १५०० फेऱ्यांचं डिझेल इंजिन होतं. विहिरीवर चालायचं त्याच जातीचं. त्याच्या ड्रमभोवती दोर, दोराच्या एका टोकाला वजनं आणि दुसऱ्याला तराजूचा काटा. ड्रमच्या मध्यापासून दोरापर्यंत २० सेंटिमीटर. वजन वजा काटा १२ किलो आले. १२ गुणिले ०.२ गुणिले १५००, भागिले ७१६, उत्तर पाच! वहीत ते उत्तर बघून आम्हाला जो आनंद झाला तो परीक्षेच्या निकालानंही झाला नाही. ड्रमच्या खाचेतलं पाणी मात्र बघता बघता कढत व्हायचं, कारण अडवलेली सगळी ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. पाणी घालायला विसरलं की दोर जळायचा. एकदा जळलाही.

कारसाठी इंजिन काढत नाहीत, चाकं रुळांवर चढवतात. गाडी जागच्या जागी धावते आणि रूळ तिला अडवतात. पण तिथे निघतो तो चाकाचा आकडा. गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा आधीच खाऊन घेतात, म्हणून तो कंपनीच्या आकड्यापेक्षा कमीच येतो. पुण्याची एआरएआय १९६६ पासून हे काम करते. आपल्याच राज्यात पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, २०२१ मध्ये तिथला ११.३ किलोमीटरचा वेगाचा गोल रस्ता सुरू झाला.

पण आपल्या कामाची जागा आहे बुदनी. भोपाळकडे जाणारी गाडी नर्मदेचा पूल ओलांडते तिथलं स्टेशन. १९५५ पासून तिथे केंद्र सरकारची ट्रॅक्टरची संस्था आहे. नवीन मॉडेल तिथे येतं, त्याच्या मागच्या पीटीओच्या दांड्याला डायनॅमोमीटर जोडतात आणि दोन-दोन तास पूर्ण ताकदीवर चालवतात. गरम हवेतही चालवतात, ४३ अंशांच्या आसपास. गरम हवा विरळ असते, इंजिनाला श्वास कमी पडतो आणि आकडा उतरतो. आपल्या मे महिन्यात हाच आकडा खरा. बोनेटवर ४५ असलेल्या ट्रॅक्टरचा पीटीओवर ३८-४० आला तर कुणी फसवलं असं समजू नका. बोनेटवर इंजिनाचा आकडा आहे, ब्लोअर आणि रोटाव्हेटर मात्र पीटीओवर चालतात. घेताना चाचणी अहवालातला पीटीओचा आकडा आणि डिझेलचा खर्च बघा.

आता एक घरचीच गोष्ट. आमच्या नात्यातले एक काकाजी आहेत, सौंसरकडे संत्र्याचा बगीचा. जुना ट्रॅक्टर घेतला, त्यावर फवारणीचा ब्लोअर. एक दिवस म्हणाले, "इंजिनात दमच नाही राह्यला रे बाबू. फवारा शेंड्यापर्यंत जातच नाही." आम्ही कागदपत्रांच्या गडबडीत होतो. न बघताच सांगून टाकलं, "काकाजी, पंप दाखवून घ्या एकदा." ते एका मिस्त्रीकडे गेले. त्यानं पंपाचं सील तोडून डिझेलची मात्रा वाढवून दिली. फवारा होता तिथेच राहिला. रोटाव्हेटर लावला की मात्र काळा धूर, आणि पुढच्या हंगामात रिंगा गेल्या. इंजिन उघडलं, पन्नास हजारांच्या वर खर्च आला. आंबिया बहाराचा व्यापाऱ्याकडून आलेला ॲडव्हान्स त्यात गेला.

इंजिन नवं होऊन आलं तरी फवारा शेंड्यापर्यंत जाईना. तेव्हा आम्ही हातात धरायचं टॅकोमीटर घेऊन गेलो. पीटीओच्या फेऱ्या भरल्या ४३०. हव्या होत्या ५४०. मीटरची केबल तुटलेली, आणि डिझेल वाचावं म्हणून काकाजी थ्रॉटल कमी ठेवायचे. आता गंमत बघा, पंख्याला मिळणारी ताकद फेऱ्यांच्या घनानं बदलते. फेऱ्या वीस टक्के कमी झाल्या की ताकद अर्धीच उरते. इंजिनात दम होता, आम्ही दोघांनी मिळून तो मागितलाच नव्हता. डायनॅमोमीटर तर दूरच, पहिल्याच दिवशी ते हातभर यंत्र नेलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

थ्रॉटल पुढे सरकवली. ५४० झाले आणि शेंड्यावरची पानं उलटी व्हायला लागली. काकाजी बराच वेळ वर बघत राहिले, मग म्हणाले, "मंग रिंगा कायले गेल्या?" याचं उत्तर आम्हाला देता आलं नाही. काकूंनी घरातून लाल नेलपॉलिश आणून थ्रॉटलच्या पट्टीवर ५४० च्या जागी खूण केली. ती खूण अजून आहे.

टॅकोमीटर आम्ही आज सोबत आणलं आहे. आरती झाली की बाहेर उभे आहोत, ज्यांचे ट्रॅक्टर मैदानात लागलेत त्यांनी चावी घेऊन यावं.