सहल ठरवण्याआधी तीन प्रश्न

आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिर भागातून बोलतोय. बचत गटांचं काम बघतो. आज बोलू या गटाच्या सहलीबद्दल.

आमच्याकडचं हे देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहार राजांच्या काळातलं. लांबलांबून गट बघायला येतात. गट एक असला तरी प्रत्येकीच्या मनातली सहल वेगळी असते. एकीला अभिषेक करायचा असतो. एकीला भिंतींवरची कोरीव शिल्पं निवांत बघायची असतात. एकीला उल्हासनगरच्या बाजारात कपडे घ्यायचे असतात. आणि एकीला फक्त एक दिवस चुलीपासून सुट्टी हवी असते. चूक कोणाचीच नाही. पण आधी बोलणं झालं नाही, तर परतताना अबोला होतो आणि पुढच्या बैठकीत हजेरी कमी पडते. वर्षानुवर्षं जोडलेला गट एका सहलीने उसवू नये.

म्हणून ठिकाण ठरवण्याआधी प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. किती पैसे जमतील? घरी किती वाजता पोचायलाच हवं? आणि कोणती एक गोष्ट झाली की तुला समाधान वाटेल?

हे बैठकीत विचारू नका. चारचौघींत 'मला दोनशेच जमतील' असं कोण म्हणेल? ती मान डोलावते आणि आदल्या दिवशी 'पाहुणे आले' म्हणून कळवते. तेव्हा एकेकीच्या घरी जाऊन विचारा, आणि कोणाचा आकडा किती ते पोटात ठेवा.

मग सगळ्यांत कमी आकडा धरून बेत आखा. पाचशेवाली दोनशेत येऊ शकते, दोनशेवाली पाचशेत येऊ शकत नाही. प्रवास आणि चहापाणी वर्गणीतून, जेवणाचा डबा घरचा. पूजा आणि खरेदी जिची तिने करावी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. लोकलमध्ये ती सवलत नाही, हे हिशेबात धरा. गटाच्या बचतीला मात्र हात लावू नका. तो पैसा अडीनडीच्या कर्जासाठी आहे. सहलीची वही वेगळी ठेवा आणि परतल्यावर हिशेब वाचून दाखवा.

काय होणार नाही, तेही आधीच सांगा. आमच्या देवळाचा गाभारा खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्या काकूंना हे घरीच सांगा, म्हणजे दारात येऊन त्या खट्टू होणार नाहीत. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. शिल्पं निवांत बघायची तर तो दिवस टाळा. पावसाळ्यात कोणी म्हणेल, 'आलोच आहोत तर बदलापूरच्या कोंडेश्वर धबधब्यावर जाऊ.' तिथल्या पाण्यात बुडून जीव गेलेत. वाटेत बेत बदलायचा नाही, हे निघण्याआधीच ठरवून घ्या.

प्रत्येकीची प्रत्येक इच्छा एका दिवसात पुरी होत नाही. पण प्रत्येकीची एक तरी व्हावी, एवढं बघा. आणि जी येऊ शकली नाही, तिला टोमणा नको. तिच्या घरी प्रसाद पोचवा. पुढच्या बैठकीत ती तुमच्या शेजारीच बसणार आहे.